थंडी तार

माझा आवाज मुळातच मोठा आहे. माहेरी, पाचोऱ्याला, आमचं घर रेल्वेच्या रुळाला लागून होतं. गाडी जात असली की ओरडूनच बोलावं लागायचं, ती सवय अंगात मुरली ती मुरलीच. नवरा म्हणतो, तू कुजबुजलीस तरी शेजारच्या घरातून उत्तर येतं. वर्गात या आवाजाचा मला फार उपयोग झाला आहे. पण एकदा मी जिवाच्या आकांताने ओरडले आणि समोरची बाई माझ्याकडे बघून नुसती हसली.

नवऱ्याची नोकरी नरडाण्याच्या कारखान्यात आणि माझी शाळा तिथून आत, एका खेड्यात. मी स्कूटीवर जाते, आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. त्या वर्षी होळी होऊन गेली होती आणि शाळा सकाळची झाली होती. आमच्याकडे होळीनंतर ऊन असं काही पेटतं की अकरा वाजता रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. नववीचा अभ्यासक्रम संपला होता आणि मी धाराविद्युतची उजळणी घेत होते.

फळ्यावर घट काढला, कळ काढली, दिवा काढला आणि रेघा ओढून चौकोन पूर्ण केला. "परिपथ म्हणजे काय? धारा जिथून निघाली तिथे परत आली पाहिजे. जायची वाट हवी, तशी यायचीही हवी. म्हणून तारा दोन. एका तारेवर दिवा लागत नाही." हे मी इतकी वर्षं म्हणत आले आहे की झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, आणि मनात आलेला प्रश्न पोटात ठेवायचं वळणच नाही. मला ती आवडायची आणि तिचा रागही यायचा, दोन्ही बहुतेक एकाच कारणासाठी.

"मॅडम, आमच्या मळ्यात एकाच तारेवर लागतो."

"काहीतरीच बोलू नकोस. बस खाली."

"खरंच मॅडम. एक फेजची तार. दुसरी खांबावरून येतच नाही. जमिनीत गज ठोकला आहे, त्याला बांधली आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं शिकवतेय आणि आता ही मला परिपथ शिकवणार! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या बाकांवरून गलका झाला, "बठ्ठास्ना मयामा तसंच शे, मॅडम!" सगळ्यांच्याच मळ्यात. अख्खा वर्ग एकीकडे आणि मी एकटी एकीकडे.

मग मी तिला फळ्यापाशी बोलावून नीट विचारलं, आणि मला उलगडा झाला. शेतातल्या पंपाला खांबावरून तीन तारा येतात. तिन्ही फेजच्या, म्हणजे तिन्ही जिवंत. मोटारीचं त्यावर भागतं. पण दिव्याला, पंख्याला एक फेज लागतो आणि परतीसाठी एक न्यूट्रल. दोन फेज जोडले तर दिवा फट्‌कन उडतो. आणि न्यूट्रल मळ्यापर्यंत आलेलाच नसतो. तो डीपीपाशी, म्हणजे रोहित्रापाशी, जमिनीत पुरलेला असतो. मग लोकांनी काय केलं? फेजची तार दिव्याच्या एका टोकाला लावली, दुसऱ्या टोकाची तार लोखंडी गजाला बांधली आणि गज ठोकला जमिनीत. मळ्यापासून डीपीपर्यंतची सगळी माती झाली परतीची तार.

मी हरखूनच गेले, खोटं कशाला बोलू. "अगं, म्हणजे परिपथ पूर्णच आहे! दुसरी तार आहे, फक्त दिसत नाही." मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती अशी काही फुलली, की तिलाच परिपथाचा शोध लागला असं वाटावं.

त्याच तासाला माझा मिठाच्या पाण्याचा प्रयोग ठरलेला होता. काचेच्या पेल्यात साधं पाणी, त्यात दोन खिळे, बॅटरीचे सेल, एक बारका एलईडी. साध्या पाण्यात एलईडी जेमतेम मिणमिणला. चिमूटभर मीठ टाकून ढवळलं, तसा तो लख्ख झाला. मुलं "ओऽऽ" करून ओरडली. रोध म्हणजे अडवणूक, मिठाने पाण्याचा रोध कमी झाला, धारा वाढली. रोध, धारा, विभवांतर म्हणजे व्होल्टेज, तिन्ही शब्द मी फळ्यावर लिहिले आणि विभवांतराखाली दोन रेघा मारल्या, कारण परीक्षेत मुलं तोच खातात.

"मॅडम, मातीत मीठ घातलं तर?" पुन्हा तीच.

"मातीतही तेच. ओली माती, खारी माती, धारेला वाट सोपी."

आणि घंटा झाली. सकाळच्या शाळेची शेवटची घंटा झाली की मुलं थांबत नाहीत. दप्तरं खांद्याला मारून सगळी दाराकडे पळाली. ती जाता जाता मागे वळून म्हणाली, "आमच्या आबांचा कुलर आठवड्यापासून हळू फिरतोय, मॅडम. माती सुकली ना. मीठ घालून बघते." दारातून आणखी एकदा ओरडली, "आमची म्हैस पण हौदावर यायची बंद झाली. आबा म्हणतात नजर लागली." मैत्रीण तिला ओढत घेऊन गेली. मी पेला धुवायला घेतला.

शिक्षकखोलीत चहा आला. पहिला घोट घेतला आणि म्हैस डोक्यात शिरली.

तहानलेली म्हैस, एवढ्या उन्हात, हौदावर का येणार नाही? हौदाचं पाणी सांडून माती ओली राहते म्हणून गज तिथेच ठोकलेला असणार, लोक तसाच ठोकतात. म्हैस चार पायांवर उभी राहते. पुढचे पाय गजाजवळ, मागचे लांब. पायात चप्पल नाही, वहाण नाही. पुढच्या पायांखालची माती आणि मागच्या पायांखालची माती यांच्यात विभवांतर असेल, तर धारा तिच्या अंगातून जाणार. नजर कसली आलीय! तिला झटका बसत होता.

आणि कुलर हळू का फिरतो? कारण विभवांतराचा मोठा वाटा कुलरला मिळतच नाही, तो सुकलेल्या मातीत खर्च होतोय. म्हणजे तो गजावरच उभा आहे. फळ्यावर जे मी दोन रेघा मारून ठेवलं होतं, ते त्या मळ्यात हौदाशेजारी उघडं उभं होतं आणि ती पोरगी मिठाची पिशवी घेऊन त्याच्याकडे निघाली होती.

पुस्तकात मिठाचं पाणी धड्याच्या मधे असतं आणि 'दक्षता घ्या'ची चौकट शेवटी, हे कुणी ठरवलं देव जाणे. त्या क्षणी तो माणूस समोर असता तर मी त्याच्या अंगावर चहा ओतला असता.

तिच्या वडिलांना फोन लावला. मागे माणसांचा कालवा. ते म्हणाले, "मी बाजारमा शे मॅडम, कांदा आनेल शे."

"मळ्यात कुणाकडे फोन आहे?"

"फोन ते मनाजोडेच शे." म्हणजे घरातला एकुलता फोन त्यांच्याच खिशात.

"हे बघा भाऊ, त्या गजाला, त्या तारेला कुणाला हात लावू देऊ नका!"

ते हसले. अगदी प्रेमाने हसले, शहाण्या माणसाला साधी गोष्ट ठाऊक नसली की हसतात तसे. "ती थंडी तार शे मॅडम. तिले काही व्हत नही. फेजनी ती गरम. मनी बायको रोज हात लावस."

मी फोन ठेवलासुद्धा नाही, तसाच पर्समध्ये टाकला. हेल्मेट विसरले. स्कूटी काढली ती थेट मळ्याच्या रस्त्याला. एकदा हुरड्याला गेले होते, वाट ठाऊक होती.

थंडी तार म्हणे! फेजची तार गरम, म्हणून तिला सगळे भितात. गजाची थंडी, म्हणून तिच्याशी सलगी. पण तारेत थंड-गरम काही नसतं. कुलर चालू आहे म्हणजे जेवढी धारा गरम तारेतून येते, तेवढीच थंड तारेतून जाते. माती तिला गिळते तोवर ती थंड. मातीने घास घेतला नाही, किंवा तार गजावरून सुटली, की तिच्या टोकाशी उभा असतो तोच फेज. मग जो हात लावेल तो तिचा गज.

आठवड्याआड दिवसाची लाईट आणि रात्रीची लाईट असा आमच्याकडे शेतीच्या लाईनीचा फेरा असतो. या आठवड्यात कुठली, हे काही मला आठवेना. आयुष्यभर लाईट गेली की मी बोटं मोडत आलेय. त्या दिवशी स्कूटीवर मी मोठ्याने म्हणत होते, जा गं बाई, आज जा, आज तरी जा. रस्त्याच्या कडेला कांद्याच्या वाफ्यात पाइपातून भळाभळा पाणी पडताना दिसलं. पुढच्या शेतातही तेच. लाईट होती.

मळा नाल्याच्या पलीकडे. स्कूटी उतारावर गेली नाही, तिथेच टाकली आणि पळाले. माझं वजन, माझं वय, ती साडी, कुणी बघितलं असतं तर हसलं असतं. समोर पत्र्याची खोली, तिच्या भिंतीत कुलर, बाजूला पऱ्हाटीचे, म्हणजे वाळलेल्या कपाशीचे, भारे रचलेले. पुढे सिमेंटचा हौद. निंबाखाली म्हैस बांधली होती, तिच्या गळ्यात नजरेसाठी बांधलेला काळा दोरा.

हौदाशेजारी मुलीची आई उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी, घोट्यापर्यंत चिखलात. शेजारी रिकामी बादली आणि मिठाची फाडलेली पिशवी. मुलगी दोन पावलांवर उभी होती, पायांत शाळेचे बूट अजून तसेच. बादली ओतताना धक्का लागून तार गजावरून निसटली होती. आतून तिचे आजोबा, म्हातारे आबा, ओरडत होते, "कुलर बंद पडना वं! काय करी ऱ्हायन्यात?"

आईच्या हातात तार होती. प्लॅस्टिकवर धरली होती, उघडं टोक चिमटीपासून बोटभर पुढे.

"टाका ती! हात काढा! तार टाका!" मी नाल्यावरून ओरडले. पाचोऱ्याच्या रुळाकाठचा सगळा आवाज लावून ओरडले.

तिने वर बघितलं. मला ओळखलं आणि मॅडम आपल्या मळ्यात आल्या म्हणून तिचा चेहरा उजळला. "या ना मॅडम! काही नही, थंडी तार शे ही. आबासले उकडी ऱ्हायनं, इतली बांधी लेस." आणि टोक पिळायला तिने दुसऱ्या हाताची बोटं पुढे केली.

मी मुलीला ओरडून म्हटलं, "लाईट बंद कर! पळ!"

ती पळाली. आईची बोटं टोकाला लागली.

किंचाळी नाही, काही नाही. मला वाटलं होतं माणूस उडतो, ओरडतो. ती नुसती थांबली. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले. मूठ तारेवर आवळली गेली आणि ती बाई बसल्या जागी थरथरायला लागली.

विहिरीपाशी मुलीने स्टार्टरचं लाल बटण दाबलं. मोटार थांबली, पाइपातलं पाणी थांबलं. आईची मूठ सुटेना.

तेव्हा मला कळलं, की कुलरची तार स्टार्टरच्या आधीच काढली आहे. लाल बटणाने मोटार बंद होते, कुलर नाही. "मेन! मेन स्विच! खालचा दांडा ओढ!" मी ओरडत होते आणि पळत होते, आणि पळता पळता पऱ्हाटीच्या भाऱ्यातून हाताला आल्या तेवढ्या काड्या उपसल्या. खडखडीत वाळलेल्या होत्या, देवाची कृपा. मी चिखलाच्या काठावर थांबले. पुढे गेले असते तर आम्ही दोघी तिथेच राहिलो असतो, एवढं मला त्या गोंधळातही समजत होतं. तिला हाताने ओढावं असं आतून इतकं वाटत होतं की मी दात आवळून उभी होते. काठावरूनच पऱ्हाटीने तिच्या मनगटावर मारलं. एकदा, पुन्हा, पुन्हा. काड्या मोडल्या. दुसऱ्या घेतल्या. मी बाईला बडवत होते आणि रडत होते.

तार सुटली की मेन पडला, आधी काय झालं ते मला आजही माहीत नाही. मुलगी म्हणते मेन पडला. आई मागे कलंडली आणि मग मोठा, घरघरता श्वास घेतला. इतका सुंदर आवाज मी अजून ऐकलेला नाही.

मुलीला मेनपाशीच उभं राहायला सांगितलं, दांड्याला कुणी हात लावायचा नाही. आईला सावलीत ओढलं. दोन बोटं काळी पडली होती. ती काहीतरी बोलायला बघत होती आणि जीभ वळत नव्हती. बाजूच्या मळ्यातला माणूस गाडी आणायला पळाला. आबा बाहेर आले, भिंतीला धरून, कुठे काय झालं ते त्यांना उमजेना. मी त्यांच्यावर खेकसले. म्हाताऱ्या माणसावर खेकसू नये, पण खेकसले. "आबा, म्हशीला नजर लागली नव्हती! तिला झटका लागत होता! रोज!"

आबा भिंत सोडून वळले. निंबापाशी गेले आणि म्हशीचं दावं सोडलं.

म्हैस उठली. थोडी उभी राहिली, नाक वर करून. आणि सरळ चालत हौदाकडे गेली. त्या खाऱ्या चिखलात चारी पाय रोवून तिने तोंड पाण्यात घातलं आणि प्यायली. मुंडी वर न काढता पीत राहिली, पाणी डोळ्यांदेखत कमी होत होतं. तिच्या पाठीवर काठीचे वळ होते. हौदावर नेण्यासाठी आबांनी रोज मारलेले.

"ती सांगे," आबा म्हणाले, "अन् मी तिले मारू." आणि जमिनीवर बसून रडायला लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आईला ठेवून घेतलं, हृदयावर लक्ष ठेवायला. बाजारातून वडील तिथेच आले. माझ्यासमोर उभे राहिले आणि हात जोडले. त्यांनी जोडलेले हात बघून मला राग आला, कुणाचा ते ठरवता येत नव्हतं. "थंडी तार म्हणू नका पुन्हा," मी म्हणाले. "कधीच म्हणू नका." ते मान हलवत राहिले. काही दिवसांनी ती घरी आली. उजव्या हाताची दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत, भाकरी थापताना बाजूला राहतात.

मुलगी आठवडाभर शाळेत आली नाही. आली त्या दिवशी मी तिला काही विचारलं नाही. मी फळ्याकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी घट नाही, खांब. खांबावरून फेज, फेजवरून कुलर, कुलरवरून तार. तार गजापर्यंत आणली आणि थोडी आधीच थांबवली, मधे बोटभर जागा सोडली. "तार इथे सुटली. आता परिपथ पूर्ण आहे की तुटला?"

"तुटला," सगळे म्हणाले.

ती उठली. मी बोलावलं नव्हतं. तिने माझ्या हातातला खडू घेतला, सुटलेल्या टोकापासून एक रेघ खाली नेली, आणि रेघेच्या शेवटी जमिनीवर दोन पाय काढले. अनवाणी, बोटं मोजून पाच-पाच, आणि दोन्ही पायांच्या बोटांत जोडवी. चित्र तिला चांगलं येत नव्हतं. जोडव्यांवर खडू तुटला, तिने उरलेल्या तुकड्याने ती पुरी केली.

"आता पूर्ण आहे," ती म्हणाली.

पाठीमागून कुणीतरी विचारलं, "हे चिन्ह कशाचं शे?"

"हाई चिन्ह पुस्तकमा नही," ती वळून म्हणाली. "या मन्या आईना पाय शेतस."

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. पुढच्या तासाचे इतिहासाचे सर दारात येऊन थांबले, आत आले, फळा पुसायला डस्टर मागितलं. डस्टर माझ्या हातात होतं. मी दिलं नाही.